माघार घेतलेल्या मुलींना शिक्षा नको : स्केटिंगच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्ह्यातील रोलर स्केटिंगचे पदाधिकारी, क्लबचे प्रशिक्षक आणि शाळांचे क्रीडाशिक्षक यांस,

स. न. वि. वि.

मी भुसावळ विभागात ३४ वर्षं रेल्वे इंजिन चालवलं. असिस्टंट म्हणून लागलो, मेल-एक्स्प्रेसवर निवृत्त झालो. आता माझी ड्यूटी एकच. पहाटे साडेपाचला नातीला स्कूटरवर रिंकवर सोडायचं आणि साडेसातला परत आणायचं. गेली पाच वर्षं हे चाललंय, त्यामुळे तुमच्यापैकी बरेच जण मला चेहऱ्यानं ओळखतात. गावाचं, क्लबचं किंवा कुणा सरांचं नाव या पत्रात लिहीत नाही. कुणाची बदनामी करायची म्हणून हे लिहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निवड चाचणीची सूचना आली. तारीख, फी, जन्मदाखल्याची प्रत हे सगळं नेहमीचंच. पण चौथ्या मुद्द्यात असं लिहिलंय की, गेल्या मोसमात निवड होऊनही ज्यांनी माघार घेतली त्या खेळाडूंचा यंदा विचार होणार नाही. खाली कारणही दिलंय : ऐनवेळी माघार घेतल्यानं जिल्ह्याची जागा वाया जाते.

माझी नात त्या माघार घेतलेल्यांपैकी एक. तेरा वर्षांची आहे, आठवी झाली. तिनं माघार का घेतली हे तुम्हाला माहीत आहे, कारण डॉक्टरांचा कागद मी स्वतः आणून दिला होता. तरी सगळी हकीकत सांगतो, कारण त्या कागदात ती मावत नाही.

आमच्या खान्देशात बर्फ कुठला! बर्फावर जे फिगर स्केटिंग चालतं तेच आमच्या मुली सिमेंटवर, चार चाकांच्या जड बुटांवर करतात. गिरक्या त्याच, उड्यांची नावंही तीच : सॅल्काव, लूप, फ्लिप, लुट्झ, अॅक्सल. मला यातलं काही कळत नव्हतं, कठड्यावर बसून बसून कळायला लागलं. पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. डावीकडे फिरणारी मुलगी कुठलीही उडी मारो, उतरते उजव्याच पायावर, तेही पाठमोरी. एका सकाळी चाळीस उड्या झाल्या तर चाळीस वेळा उजवा पाय. शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या एका नडगीवर येतो, आणि खाली सिमेंट.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास तिची उजवी नडगी दुखायला लागली. तिनं सरांना सांगितलं, आम्हालाही सांगितलं. आम्ही एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. सर म्हणाले, स्पर्धा जवळ आली की मुलींना असं होतं. मीही तेच म्हणालो. "बेटा, मनाचं असेल, थोडा दम धर," असं मी तिला रिंकच्या पायरीवर बसून सांगितलं. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायलाच हवं. त्या दिवसानंतर ती पायाबद्दल एक शब्द बोलली नाही.

ऑक्टोबरात जिल्हा स्पर्धा झाली. तिच्या कार्यक्रमाआधी सरांनी नडगीवर स्प्रे मारला, वरून क्रेप बँडेज बांधलं आणि म्हणाले, "दोन-अडीच मिनिटांचा प्रश्न आहे, नंतर महिनाभर आराम कर." ती उतरली. अॅक्सलला पडली, उठली, पुढची उडी पूर्ण केली आणि शेवटी हात वर करून हसली. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पहिली आली, विभागीय स्पर्धेसाठी नाशिकला निवड झाली.

नंतर कपडे बदलायच्या खोलीबाहेर तिचा बूट मी काढत होतो. लेस सैल करताना तिनं ओढणीचं टोक दातात धरलं होतं. बँडेज सोडलं, नडगीच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं आणि उचललं, तर तिथे खळगा तसाच राहिला. मी वर पाहिलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती, सर येताहेत का म्हणून.

एवढं पाहूनही आम्ही चुकलोच. सर म्हणाले तसं बर्फानं शेकत राहिलो आणि नाशिकपर्यंत कळ काढू म्हणालो. नाशिकला जायच्या चार दिवस आधी एका रात्री ती पाणी प्यायला उठली आणि भिंतीला धरून चालताना मी पाहिली. सकाळी तडक जळगावला हाडांच्या डॉक्टरांकडे नेली. एमआरआय काढला. नडगीच्या हाडाला बारीक चीर. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात त्याला. एका पडण्यानं होत नाही, रोजच्या माराची झीज भरून काढायला हाडाला वेळ मिळाला नाही की होतं. सुरुवातीचे काही आठवडे ते साध्या एक्स-रेत दिसतही नाही, हे त्या दिवशी कळलं. डॉक्टर म्हणाले, असंच उड्या मारत राहिली असती तर हाड आरपार मोडलं असतं.

घरी आल्यावर तिनं भिंतीवरची दिनदर्शिका काढून माझ्यापुढे ठेवली. सप्टेंबरपासून काही तारखांच्या कोपऱ्यात पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. मला वाटायचं सरावाच्या खुणा असतील. पाय दुखला त्या दिवसाचा एक ठिपका. मी मोजले, ४१ भरले. "मला का नाही सांगितलंस?" म्हणून विचारलं. म्हणाली, "आजोबा, सांगितलं होतं. परत सांगितलं असतं तर सरांनी नाव काढलं असतं."

आता तुमच्या सूचनेचा चौथा मुद्दा या वाक्याशेजारी ठेवून वाचा. तेरा वर्षांच्या मुलीला ज्याची भीती वाटत होती तेच तुम्ही लेखी नियम करून ग्रुपवर टाकलंत. हा नियम वाचून इतर मुली काय शिकतील? दुखलं तर सांगू नये, एवढंच.

माझा अनुभव रेल्वेचा आहे, म्हणून रेल्वेचंच उदाहरण देतो. एकदा दिवाळीच्या दिवसांत अंगात ताप घेऊन मी लॉबीत, म्हणजे ड्यूटीवर हजेरी लावतात त्या कचेरीत गेलो होतो. मालगाडी मनमाडला न्यायची होती. किलोमीटरचा भत्ता मिळणार होता, घरी खर्च होता, मी म्हणालो चालवतो. लॉबीतल्या साहेबांनी डोळ्यांकडे पाहून थेट रेल्वेच्या दवाखान्यात धाडलं. डॉक्टरांनी 'सिक' लावलं. पाच दिवसांनी त्यांनी 'फिट' दिल्यावरच मी पुन्हा इंजिनात पाय ठेवला. भत्ता बुडाला, पण माझी जागा बुडाली नाही. सिक लागला म्हणून पुढच्या वर्षी तुला गाडी देणार नाही, असं कुणी म्हणालं असतं तर आम्ही सगळ्यांनी ताप लपवूनच गाड्या चालवल्या असत्या, आणि पुढे काय झालं असतं ते सांगायला नको.

त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गाड्या कधी सोडायच्या ते ठरवणाऱ्या कंट्रोल ऑफिसला गाडी हवी असते, त्यांचं ते कामच आहे. डॉक्टरांना गाडीशी देणंघेणं नसतं, ते समोरचा माणूस बघतात. म्हणून फिट-अनफिट ठरवायचं काम कंट्रोलकडे दिलेलं नाही. आमच्या रिंकवर मात्र ज्या सरांना पदक हवंय तेच ठरवतात की पाय किती दुखतो. ज्या आईबापांनी बुटांवर पैसे घातलेत तेही ठरवतात. आणि जिला पदक सगळ्यांत जास्त हवंय त्या पोरीला विचारतात, "जमेल ना?" ती काय म्हणणार? जमेलच म्हणणार. दहावीचे क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, शाळेच्या फलकावरचं नाव, हे सगळं तिच्या कानावर आठवड्यातून दोनदा पडत असतं. प्रमाणपत्राला किंमत आहे, मी नाकारत नाही. पण त्या किमतीचं ओझं तिच्या उजव्या नडगीवर पडतं.

आमचे सर मुलांना जपानच्या युझुरू हान्यूचा एक व्हिडिओ दाखवतात. नोव्हेंबर २०१४, शांघायची स्पर्धा. सरावाच्या वेळी त्याची चीनच्या खेळाडूशी जोरात टक्कर झाली, डोक्याला पट्टी बांधून तो उतरला, पाच वेळा पडला आणि तरी दुसरा आला. मुलं श्वास रोखून बघतात. माझी विनंती आहे, त्याचीच पुढची गोष्टही दाखवा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरावात उडी मारताना त्याचा उजवा घोटा दुखावला. त्यानं ती स्पर्धा सोडली, पुढची जपानची राष्ट्रीय स्पर्धाही सोडली. तरीही जपाननं त्याला ऑलिंपिकसाठी निवडलं. १७ फेब्रुवारी २०१८ ला प्याँगचँगमध्ये त्यानं सुवर्णपदक घेतलं, सलग दुसरं. पुरुषांमध्ये असं याआधी १९५२ साली घडलं होतं. जगातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूची माघार त्याच्या संघटनेनं समजून घेतली, आणि आपल्या जिल्ह्यात आठवीतल्या मुलीला वर्षभर बाहेर बसवताय.

बरोबर चार वर्षांनी, १७ फेब्रुवारी २०२२ ला, बीजिंगमध्ये रशियाची कामिला वालियेवा उतरली. वय १५. आधीच्या फेरीत पहिली होती. तिच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडल्याची बातमी जगभर झाली होती, पुढे जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादानं तिच्यावर चार वर्षांची बंदीही घातली. त्या दिवशी ती पुन्हा पुन्हा पडली आणि चौथी आली. रडत बाहेर आली तेव्हा तिच्या प्रशिक्षकांनी आधी तिला विचारलं की तू लढणं का सोडलंस. हे दृश्य मी नातीबरोबर मोबाइलवर पाहिलं. औषध कुणी दिलं, कसं गेलं, त्या वादात मी पडत नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलीभोवती डझनभर मोठी माणसं उभी होती आणि थांब म्हणणारं त्यांत एकही नव्हतं, एवढं माझ्यासारख्यालाही दिसलं. त्यानंतर जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं थायलंडमधल्या फुकेतला मतदान घेऊन वरिष्ठ गटाचं किमान वय टप्प्याटप्प्यानं १५ वरून १७ केलं. १०० विरुद्ध १६ मतांनी ठराव झाला. म्हणजे चुकलेला नियम बदलता येतो.

तेव्हा आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडतो. काही मोठ्या आहेत, काही लहान.

पहिली त्या चौथ्या मुद्द्याची, ती वर आली. आणखी एवढंच सांगतो की गेल्या वर्षी माघार घेतलेल्या माझ्या माहितीतल्या तिन्ही मुली दुखापतग्रस्त होत्या. फिरायला गेलेली किंवा लग्नाला गेलेली त्यांत एकही नव्हती. जागा वाया जाते हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण त्यावर उपाय म्हणून राखीव खेळाडूचं नाव पाठवता येतं, तिला तयार ठेवता येतं. सारा दोष जखमी मुलीच्या माथी का?

दुसरी तक्रार स्प्रे आणि गोळ्यांची. पालकांना न विचारता मुलांना दुखणं दाबणारं काही देऊ नये, हे सांगायची वेळ यावी याचं वाईट वाटतं. वेदना थांबली की मूल उडी मारतं, हाड मात्र तिथंच असतं.

तिसरी वजनाची. दर सोमवारी सगळ्यांसमोर मुलींचं वजन करतात आणि आकडा मोठ्यानं सांगतात. माझ्या नातीनं दिवाळीच्या आधी रात्रीची भाकरी सोडली होती. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत तिच्या जिवाभावाचं, ते ती ताटाला हात न लावता आजीकडे परत सरकवायची. जळगावच्या डॉक्टरांनी पायाआधी तिच्या आईला हेच विचारलं : जेवते किती, पाळी नीट येते का. वाढत्या वयात खाणं कमी पडलं की हाड भरून येत नाही. रशियाचीच युलिया लिप्नित्स्काया १५ व्या वर्षी २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण घेऊन गाजली होती. १९ व्या वर्षी तिनं खेळ सोडला आणि अन्न टाळण्याच्या आजारावर उपचार घेतल्याचं स्वतः सांगितलं. आपल्याकडे ते यायला नको. वजन करायचंच असेल तर बंद खोलीत, आईसमोर, आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच करा.

चौथी रिंकची. टाकीकडच्या कोपऱ्यात तडा गेलाय, दोन पावसाळे झाले. मुली त्या कोपऱ्यात उडी टाळतात, म्हणजे बाकीच्या जागेत गर्दी होते. आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी सराव घेऊ नका. पारा ४४-४५ वर जातो तेव्हा तिथं अनवाणी पाय टेकवत नाही.

पाचवी स्पर्धेच्या जागेची. जिल्हा स्पर्धेच्या दिवशी मैदानावर डॉक्टर नव्हता. प्रथमोपचाराची पेटी होती, तिची चावी सापडत नव्हती. एवढंच लिहितो.

आमच्या सरांबद्दल दोन शब्द. ते वाईट माणूस नाहीत. पहाटे आमच्याआधी ते रिंकवर असतात, खराट्यानं वाळू झाडतात, फी न भरणाऱ्या दोन मुलींना फुकट शिकवतात. त्यांचीही जागा पदकांवर ठरते हे मला दिसतं. जिल्ह्याकडून त्यांना विचारलं जातं किती मुली पुढे गेल्या, किती मुली धड राहिल्या हे कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र त्यांच्या एकट्याच्या नावानं नाही, तुमच्या सगळ्यांच्या नावानं आहे. आणि माझ्यासारख्या घरच्यांच्याही. माझी बायको अहिराणीत पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "आंडेरना पाय दखा आधी." म्हणजे पोरीचा पाय बघा आधी. तिचं ऐकलं असतं तर ४१ ठिपके पडले नसते.

आता मागण्या.

निवड चाचणीच्या सूचनेतला चौथा मुद्दा मागे घ्या, आणि घेतला असं त्याच ग्रुपवर लिहा, म्हणजे मुलींनाही वाचता येईल. डॉक्टरांच्या कागदावर घेतलेली माघार गैरहजेरी धरायची नाही, असा नियम लेखी करा.

दुखापत झालेल्या मुलीला पुन्हा रिंकवर उतरवायचं ते हाडांच्या डॉक्टरांच्या फिट सर्टिफिकेटवरच. ते डॉक्टर क्लबचे, संघटनेचे किंवा खेळाडूचे नातेवाईक नसावेत. एक्स-रे चांगला आला पण दुखणं दोन आठवड्यांत थांबलं नाही, तर पुढची तपासणी होईपर्यंत उड्या बंद. गिरक्या, फिगर (आखलेल्या वर्तुळांवरून स्केटिंग), हातांचा सराव चालू ठेवता येतो, तेवढं डॉक्टरांनाच विचारा.

प्रत्येक स्पर्धेला डॉक्टर हवाच, आणि मुलीला थांबवायचा शेवटचा अधिकार त्याचा. डॉक्टर मिळाला नाही तर तारीख पुढे ढकला. खर्चाचा प्रश्न असेल तर प्रवेश फी वाढवा, आम्ही पालक देऊ. मी पहिला देईन.

स्प्रे, गोळ्या, वजन यांबद्दल वर लिहिलंय तसं परिपत्रक काढा. तडा पावसाळ्याआधी बुजवा.

आणि प्रत्येक क्लबमध्ये एक बाई अशी नेमा जिच्याकडे मुलगी जाऊन दुखतंय म्हणू शकेल. ती निवड समितीत नसावी. कुणाची आई चालेल, निवृत्त शिक्षिका चालेल, नर्स असेल तर उत्तम.

नात आता बरी आहे. दोन महिने बूट कपाटात होते. मग डॉक्टरांनी चालायला, नंतर धावायला, शेवटी मार्चमध्ये चाकांवर उभं राहायला परवानगी दिली. आखाजीला वाड्यातल्या लिंबाला झोका बांधला तेव्हा ती उभ्यानं झोके घेत होती, दोन्ही पायांवर सारखा जोर देऊन. मी ओट्यावरून पायांकडेच बघत होतो. डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट माझ्याकडे आहे, प्रत या पत्राला जोडली आहे.

चाचणी जुलैच्या पहिल्या रविवारी आहे. त्या दिवशी सकाळी सातला मी तिला घेऊन रिंकवर येणार आहे. तिचं नाव यादीत असो वा नसो, ती बूट घालून कठड्याशी उभी राहील. गेल्या वर्षी माघार घेतलेल्या बाकी दोघींच्या आईबापांशीही बोलणं झालंय, त्याही येताहेत. तिघींना उतरू द्या.

आपला,
एका खेळाडूचा आजोबा
निवृत्त लोको पायलट, भुसावळ विभाग